प्रतिसाद: पेंड बदलली, टक्का तोच, तरी दूध का पडलं?

"प्रथिनांचा टक्का सारखा असेल तर पेंड कोणतीही चालते" असं या प्रश्नावर एकाने लिहिलंय, ते गाईच्या बाबतीत पटत नाही. पिशवीवरचा टक्का म्हणजे नायट्रोजन गुणिले 6.25, बाकी काही नाही. 100 ग्रॅम युरियात 46 ग्रॅम नायट्रोजन, म्हणजे कागदावर 287 ग्रॅम प्रथिनं, प्रत्यक्षात प्रथिन काहीच नाही! शेंगदाणा पेंडीतलं साधारण पाऊण प्रथिन कोठीपोटातच (गाईच्या पहिल्या, मोठ्या पोटात) फुटून अमोनिया होतं. सरकी पेंडीतलं बरंचसं न फुटता पुढे आतड्यात जातं. त्या अमोनियापासून कोठीपोटातल्या जिवाणूंनी स्वतःची प्रथिनं बनवायची तर त्याच वेळी पिष्टमय खाद्य हवं. नुसता लसूणघास (प्रथिनं जास्त असलेला हिरवा चारा) आणि शेंगदाणा पेंड घातली की उरलेला अमोनिया यकृतात युरिया होऊन लघवीत जातो, थोडा दुधात उतरतो. पैसे पेंडीचे, फायदा शेणखड्ड्याचा. म्हणून अशा वेळी आधी मक्याचा भरडा वाढवा आणि पेंडीचा काही भाग सरकीवर न्या. आंबोण (पेंड-भरड्याचं खाद्य) एकदम न बदलता आठ-दहा दिवसांत बदला.

नायट्रोजन वाया जातोय का, ते दुधाच्या तपासणीत दिसतं. दुधातला युरिया नायट्रोजन साधारण 10 ते 16 मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर असावा. मात्र रिपोर्टवर 'युरिया' लिहिलंय की 'युरिया नायट्रोजन' ते आधी बघा. युरियाचा आकडा 2.14 पट मोठा असतो, म्हणजे युरिया 28 असेल तर युरिया नायट्रोजन 13च, योग्य मर्यादेत; तरी 28 दिसलं म्हणून घाबरून पेंड कमी करणारे बरेच आहेत.