बी विंग, विश्रामबाग, सांगली (सोसायटीचा ग्रुप): जिन्यातला दिवा

३०४: काल रात्री साडेआठला जिन्यातला दिवा पुन्हा पंधरा मिनिटं चालू-बंद, चालू-बंद. आमच्या आई देवळातनं येत होत्या. वळणावर अंधार झाला, कठडा धरला म्हणून वाचल्या. कुणाचं पोरगं ते सगळ्यांना माहीत आहे. नाव घेत नाही.

४०१: कॉमन लाइटचं बिल आपण सगळे भरतो.

१०३ काकू: कृष्णेचं पाणी, आयर्विन पूल, सकाळी ८ वाजता २४ फूट.

४०१: काकू, इशारा पातळी ४० ला. निवांत ऱ्हावा.

२०२: वहिनी, नाव घ्या की. आमचाच सोनू. आईंना लागलं नाही ना कुठं? चूक माझी. पोळ्या करत होते, दाराची वरची कडी लावायची राहिली.

३०४: लागलं नाही. पण लागलं असतं तर? राग मानू नका, दोन धपाटे घातले असते तर एका दिवसात सुटलं असतं हे.

२०२: धपाटे घालून झालेत वहिनी. मी नाही, घरातल्या मोठ्यांनी. दिवे सुटले नाहीत, महिनाभर त्या माणसाजवळ जाणं मात्र सुटलं.
सोनूला ऑटिझम आहे, हे निम्म्या जणांना माहीत आहे, निम्म्यांना आज कळू दे. खोडी म्हणून करत नाही तो. माणसांचं त्याला उलगडत नाही. मी आज हसून "थांब" म्हणते, उद्या ओरडून. बटण तसं करत नाही. दाबलं की टक्, उजेड. दाबलं की टक्, अंधार. शाळेतला गोंगाट सोसून आला की त्याला हेच लागतं, आपल्याला चहा लागतो तसं.
बंद करायला गेलो की वाढतं, म्हणून आम्ही जागा आणि वेळ ठरवून दिली. मिरजेच्या मामानं फळीवर सहा बटणं, छोटे एलईडी आणि ९ व्होल्टची बॅटरी बसवून दिली. घरच्या बोर्डाला ३० मिलीअँपिअरची आरसीसीबी घातली, शॉक बसला की वीज लगेच तोडते ती. भिंतीवर चित्रं आहेत: दप्तर, दूध, फळी, अभ्यास. फळी हिसकावली तर तासभर रडणं. पण वाळूचं घड्याळ समोर ठेवलं आणि वाळू संपताना दिसली, की स्वतः उठून कपाटात ठेवतो. घरात जमतंय. जिन्यात का जातो, तेवढं मला अजून कळालं नाही.

४०१: एखादा काढा देऊन बघा. आमच्या मेव्हण्याच्या मुलाचं त्यानंच गेलं.

२०२: दादा, थेरपी चालू आहे. औषधानं जाणारं नाही हे. काढा नको.

(४०१ यांनी मेसेज डिलीट केला)

१०१ काका: बिलाचं आधी. जिन्यातली ट्यूब एलईडी, २० वॅटची. सलग ५० तास जळाली तर १ युनिट. पंधरा मिनिटांचा हिशेब ४०१ नं काढावा. जुनी चोकची ट्यूब असती तर असं करून टोकं काळी पडली असती, हिला तेवढं होत नाही.
ताई, पोरगं पहिल्या-दुसऱ्या मजल्यामधल्या दिव्यालाच जातंय ना? वर-खाली पळतंय?

२०२: हो काका! तोच एक. वरचं बटण दाबतो, खाली पळतो, खालचं दाबतो, परत वर. शेवटी रडायला लागतो.

१०१ काका: आत्ताच बघून आलो. ते टू-वे आहे, एक दिवा आणि दोन बटणं. आपल्याकडं बटण वर म्हणजे बंद, खाली म्हणजे चालू. घरात सगळीकडं तसंच. हितं मात्र दोन्ही बटणं वर केली की दिवा लागतोय. वायरिंग करताना एका बटणाच्या दोन वायरी उलट्या घातल्यात. पोरगं दोन्ही बटणं बंदवर करून दिवा विझायची वाट बघतंय. विझंल कसा? बाकीच्या मजल्यांवर सरळ आहे.

३०४: अगं बाई. इतकी वर्षं वापरतोय, आमच्या ध्यानातच नाही आलं.

सेक्रेटरी: पोरगं हुशार आहे की! सोसायटीचा वायरमन त्यालाच करू या.

२०२: भाऊ, कौतुक गोड वाटलं. पण वायर सरळ असती आणि तो नुसता मजा म्हणून दाबत बसला असता, तरी तो ह्याच बिल्डिंगचा असता ना?

सेक्रेटरी: तसं नव्हतं म्हणायचं ताई. चुकलं.

३०४: आई रोज त्याच सुमाराला येतात. तेवढ्या वेळापुरतं बघाल का?

२०२: आठ ते नऊ वरची कडी, नक्की. आणि आईंना एकदा चहाला पाठवा, मी येऊन सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

१०१ काका: वायरी उद्या सकाळी बदलतो, मेन बंद करून. दहा मिनिटांचं काम. पोराला आणा, लांबनं बघू दे. फक्त एक आहे ताई. सरळ केल्यावर दोन्ही वर असली तरी बंद, आणि दोन्ही खाली असली तरी बंदच. टू-वे म्हटलं की ते आलंच.

२०२: दोन्ही खाली आणि दिवा बंद? काका, मग परवा परत रडणार तो.

१०१ काका: आणा तर खरं. साडेसातला. दूध पाजून आणा.

१०३ काकू: आयर्विन, दुपारी १२ वाजता २४ फूट २ इंच.