हक्कांना देवाचा आधार लागतो का?

केवडा
गेल्या आठवड्यात येथे आलेल्या एका लेखाचा सूर असा होता की, मानवी हक्क ही ख्रिस्ती युरोपातून आलेली कल्पना आहे आणि आपल्या परंपरेचा पाया कर्तव्य हाच आहे. चार दिवस मी उत्तर टाळले. पण त्याखाली 'अगदी खरे' म्हणणाऱ्यांची रांग पाहून राहवले नाही.

संयुक्त राष्ट्रांचा मानवी हक्कांचा १९४८ चा जाहीरनामा एकट्या युरोपाने लिहिलेला नाही. मसुदा करणाऱ्यांत लेबनॉनचे चार्ल्स मलिक होते, ज्यांची बैठक ख्रिस्ती तत्त्वज्ञानाची होती. आणि चीनचे पेंग-चुन चांग होते, ज्यांनी एकाच परंपरेची भाषा सर्वांवर लादण्यास सतत विरोध केला. पहिल्या कलमात बुद्धीच्या जोडीला सदसद्विवेक आला, त्यामागे चांग यांनी मांडलेली कन्फ्यूशियसची कल्पना होती. ज्या शब्दांतून केवळ पुरुष असा अर्थ निघू शकला असता ते बदलून 'सर्व मानव' असे करवून घेतले ते आपल्या हंसाबेन मेहता यांनी. देवाचा उल्लेख घालण्याची ब्राझीलची सूचना मागे घेतली गेली. १० डिसेंबर १९४८ रोजी पॅरिसमध्ये ४८ मते बाजूने पडली आणि विरोधात एकही नाही. हक्क कोठून येतात यावर एकमत नसताना हक्क कोणते यावर ते झाले, हेच मला त्या दस्तऐवजाचे खरे यश वाटते.

नीरक्षीर
तुम्ही ज्याला यश म्हणता, ती त्याची सर्वांत मोठी उणीव आहे. ८ देश तटस्थ राहिले, हे तुम्ही सांगितले नाही. धर्म बदलण्याच्या हक्कावर सौदी अरेबियाचा आक्षेप होता आणि वर्णभेद जपणारी दक्षिण आफ्रिकाही तटस्थांतच होती. ज्या हक्काचे 'का' सांगता येत नाही, तो अखेरीस ज्याच्या हाती सत्ता आहे त्याच्या मर्जीवर उरतो.

शिवाय आपल्याच माणसांकडे पाहा. १८९१ साली प्रसिद्ध झालेल्या 'सार्वजनिक सत्यधर्म' पुस्तकात महात्मा फुले हक्कांचा उगम निर्मिकाकडे, म्हणजे सृष्टी निर्माण करणाऱ्याकडे, नेतात. बाबासाहेबांनी १९५४ साली आकाशवाणीवर स्वच्छ सांगितले की, स्वातंत्र्य, समता आणि बंधुता त्यांनी फ्रेंच राज्यक्रांतीकडून घेतली नाही, बुद्धाच्या शिकवणीतून घेतली. या दोघांना धर्माची गरज वाटली आणि तुम्हाला वाटत नाही, याचे उत्तर द्या.

पाणवठा
मला बुद्ध आणि निर्मिक यांच्याविषयी काही म्हणायचे नाही. मूळ लेखातील 'कर्तव्य' या शब्दाविषयी मात्र म्हणायचे आहे, कारण तो शब्द मी घरात ऐकत मोठी झाले आहे.

गांधीजींनी १९४७ साली युनेस्कोचे प्रमुख ज्युलियन हक्सले यांना लिहिले की, हक्क नीट पार पाडलेल्या कर्तव्यातून येतात हे ते आपल्या निरक्षर पण शहाण्या आईकडून शिकले. त्यांच्या आईविषयी मला आदर आहे. माझ्या भावाने जातीबाहेर लग्न केले, तेव्हा आमच्या पंचांनीही कर्तव्याचीच भाषा वापरली. समाजाप्रति कर्तव्य म्हणून माझ्या वडिलांनी मुलाशी संबंध तोडावेत, असा निर्णय झाला. ते त्यांनी मानले नाही, म्हणून आमचे घर वाळीत पडले. भावाच्या मुलीच्या बारशाला भावकीतून एक माणूस आला नाही; चुलत्याच्या मयतीला वडिलांना खांदा देऊ दिला नाही. सामाजिक बहिष्काराविरुद्धचा कायदा महाराष्ट्रात २०१६ साली झाला. आमच्यावर वेळ आली तेव्हा तो नव्हता. कर्तव्य आधी आणि हक्क नंतर, असे जे म्हणतात, त्यांनी कर्तव्य कोण ठरवतो हे आधी सांगावे.

नीरक्षीर
आपल्यावर जे गुदरले त्याबद्दल मला मनापासून वाईट वाटते. परंतु एका जातपंचायतीच्या दुष्टपणावरून संपूर्ण कर्तव्यविचार मोडीत काढणे हा युक्तिवाद नव्हे.

केवडा
'एका' जातपंचायतीच्या? हे वाक्य लिहिण्यापूर्वी आपण थांबायला हवे होते. कायदा करावा लागला तो एका कुटुंबासाठी नव्हे.

आणि परंपरेतून हक्क आपोआप निघतात असे मानणाऱ्यांनी महाडचा खटला वाचावा. चवदार तळे खुले करण्याचा ठराव नगरपालिकेने १९२४ साली केला होता, तरी २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांना सत्याग्रह करावा लागला, आणि मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल त्यांच्या बाजूने लागायला १९३७ चा मार्च उजाडला. तोही माणूस म्हणून पाण्यावर हक्क आहे या तत्त्वावर नाही. मनाईची रूढी अनादी काळापासूनची आहे हे दावा लावणाऱ्या सवर्णांना सिद्ध करता आले नाही, म्हणून. रूढी जुनी ठरली असती तर काय झाले असते, याचा विचार मला आजही अस्वस्थ करतो.

नीरक्षीर
माझा 'एका' हा शब्द चुकला, तो मागे घेतो. महाडच्या निकालाचा हा तपशील माझ्या लक्षात आला नव्हता, हेही नाइलाजाने मान्य करतो. पण त्यातून माझाच मुद्दा पुढे जातो. रूढी पुरेशी नाही आणि कायदा उशिरा येतो. मग त्या मधल्या काळात माणूस कशाच्या बळावर उभा राहतो? पाणवठा, आपल्याला दुखावण्याचा हेतू नाही, पण विचारतो: आपले वडील कशाच्या बळावर उभे राहिले?

पाणवठा
हा प्रश्न तुम्ही विचारणार, हे मला ठाऊक होते, आणि उत्तर मला फारसे सोयीचे नाही. वडील वारकरी होते. पंचांसमोर त्यांनी जाहीरनाम्याचे किंवा संविधानाचे नाव घेतले नाही. पांडुरंगाने कोणाला वाळीत टाकले आहे ते मला दाखवा, एवढेच ते म्हणाले. तेव्हा तुमचा मुद्दा तेवढ्यापुरता मी मान्य करते.

मात्र त्याच पांडुरंगाच्या देवळाबाहेर चोखोबांची समाधी आहे, आणि अस्पृश्य मानलेल्यांसाठी ते देऊळ खुले व्हावे म्हणून साने गुरुजींना मे १९४७ मध्ये पंढरपुरात उपोषणाला बसावे लागले. हेही मला वडिलांनीच सांगितले, वारीच्या वाटेवर, मी आठवीत असताना.