अनुभव धागा: घरच्या घरी स्वतःचा चांगला व्हिडिओ

धागाकर्ती
कॅमेऱ्यासमोर एकट्याने बसून बोलायचं, शिकवायचं, वाचायचं किंवा गायचं असे व्हिडिओ नियमित करणाऱ्यांनी आपापली पद्धत इथे लिहावी. ‘उजेड चांगला हवा’ एवढ्यावर थांबू नका. किती अंतरावरून, कुठल्या बाजूने, आणि चुकलं की पडद्यावर नेमकं काय दिसतं ते सांगा. एखादी वस्तू घ्यायला सुचवणार असाल, तर ती नसताना काय करता येईल तेही लिहा.

सुरुवात माझ्याकडून. मागचा कॅमेरा वापरा. बहुतेक फोनांत त्याचा सेन्सर पुढच्यापेक्षा मोठा असतो, त्यामुळे घरातल्या उजेडात चित्रात दाणे कमी येतात. आपण चौकटीत आहोत का हे बघायला फोनच्या मागे एक आरसा ठेवायचा आणि चौकट ठरली की काढून टाकायचा, नाहीतर नजर तिकडेच जाते. लेन्स मऊ सुती कापडाने पुसा. बोटाचा तेलकट ठसा उमटलेला असला की दिव्याभोवती धुरकट वलय येतं आणि आपण दोष कॅमेऱ्याला देतो.

उजेडबाज
खिडकी पाठीशी नको, हे सगळ्यांना माहीत असतं. पण अगदी समोरही नको, चेहरा सपाट दिसतो. खिडकी गालाच्या पुढे साधारण ४५ अंशांवर आणि एक-दीड मीटर अंतरावर ठेवा. त्याहून जवळ बसलात तर खिडकीकडचा गाल पांढराफटक आणि दुसरा काळवंडलेला येतो. कारण उजेडाच्या उगमाजवळ थोडं अंतर बदललं तरी उजेड झपाट्याने बदलतो. सावलीच्या बाजूला थर्माकोलचा पांढरा ताव किंवा घडी केलेली चादर गालापासून दोन फुटांवर, चौकटीबाहेर उभी करा. रंगीत भिंतीला टेकून बसू नका, तिचा रंग गालावर उतरतो. थेट ऊन येत असेल तर पातळ पांढरा पडदा ओढा.

खिडकीचा उजेड घेताना घरातले दिवे बंद. उजेडाची रंगछटा केल्विनमध्ये मोजतात, आकडा मोठा तितका उजेड निळसर. दिवसाचा उजेड साधारण ५५०० केल्विन असतो, पिवळा बल्ब २७०० ते ३०००. दोन्ही एकत्र आले की अर्धा चेहरा निळसर आणि अर्धा केशरी होतो, आणि हा दोष एडिटिंगमध्ये नीट निघत नाही. ढग येत-जात असतील तर सलग वीस मिनिटं रेकॉर्ड करू नका. तुकडे पाडा, नाहीतर दोन वाक्यांच्या मध्ये संध्याकाळ होते.

रात्री डोक्यावरचा एकच दिवा म्हणजे डोळ्यांच्या जागी दोन खड्डे. टेबल लॅम्प फोनच्या मागच्या पांढऱ्या भिंतीवर मारा. परतून येणारा उजेड मऊ असतो, कारण आता ती अख्खी भिंतच दिवा झालेली असते.

चित्रात आडवे काळसर पट्टे सरकत असतील तर ते दिव्याचं लुकलुकणं असतं. वीज ५० हर्ट्झची असेल तर शटर (एका फ्रेमसाठी उजेड आत घेण्याचा वेळ, सेकंदात) १/५० किंवा १/१००, आणि ६० हर्ट्झची असेल तर १/६० किंवा १/१२० ठेवा. फोनच्या मूळ ॲपमध्ये हे बदलता येत नसेल तर प्रो मोड (सेटिंग हाताने बदलू देणारा) किंवा वेगळं कॅमेरा ॲप लागतं. मंद केलेले एलईडी दिवे जास्त लुकलुकतात. त्यामुळे दिवा पूर्ण ठेवा आणि लांब न्या, पण मंद करू नका.

चष्मेवाली
चष्म्याच्या काचेत दिवा दिसत असेल तर तो डोळ्यांच्या पातळीपेक्षा दोन-तीन विती वर आणि बाजूला न्या. तरीही राहिला तर चष्म्याच्या दांड्या कानांवर किंचित उचला. काच खाली झुकते आणि चमक चौकटीबाहेर जाते. रिंग लाइटच्या मध्यभागी फोन लावण्याची पद्धत चष्मा घालणाऱ्यांनी विसरूनच जावी, बुबुळांवर दोन बांगड्या दिसतात.

कानसेन
वरचं सगळं मान्य, पण क्रम माझ्या मते उलटा आहे. चित्र थोडं मळकट असलं तरी लोक बघतात, आवाज घुमत असेल तर अर्ध्या मिनिटात निघून जातात. म्हणून आधी माईक.

घुमण्याचं खरं कारण अंतर आहे. तोंडापासूनचं अंतर दुप्पट झालं की थेट आवाज सुमारे ६ डेसिबलने पडतो, पण भिंतींवरून परत येणारा आवाज जवळपास तेवढाच राहतो. म्हणजे दीड मीटरवरच्या फोनला तुमच्यापेक्षा खोलीच जास्त ऐकू येते. कॉलर माईक हनुवटीखाली एक वीत लावा. अगदी तोंडासमोर नको, प, फ, भ उच्चारताना हवेचा फटका बसतो. वायर एकदा वेटोळं करून कपड्याला चिमट्याने अडकवा, म्हणजे हात हलला की खरखर माईकपर्यंत पोचत नाही. खळखळणारं कापड आणि गळ्यातली माळ टाळा.

माईक नसेल तर दुसरा फोन. त्यावर व्हॉइस रेकॉर्डर लावा, शक्य असेल तर वेव्ह फाइल आणि ४८ किलोहर्ट्झ निवडा. चौकटीच्या खालच्या कडेच्या जरा खाली, तोंडापासून फूटभरावर, घडी केलेल्या टॉवेलवर ठेवा. टॉवेल अशासाठी की टेबलावर हात आपटला तर धप्प आवाज येऊ नये.

वायरवाल्या माईकच्या पिनेवर काळ्या रेघा मोजा. फोनच्या हेडफोनच्या भोकाला साधारणपणे तीन रेघांची पिन लागते. दोन रेघांची, कॅमेऱ्यासाठीची पिन घातली तर फोन मुकाट्याने स्वतःच्याच माईकवर रेकॉर्ड करतो आणि शेवटपर्यंत कळत नाही. तपासायची रीत सोपी आहे. रेकॉर्डिंग सुरू करून माईकवर नखाने हलकं खरवडा, मग ऐका. कर्र असा मोठा आवाज आला तर तोच माईक चालू आहे.

ब्लूटूथ इअरफोनचा माईक नको. माईक सुरू होताच बहुतेक जोड्या कॉलच्या पद्धतीवर जातात, आवाज ८ किंवा १६ किलोहर्ट्झवर घेतला जातो आणि स, श यांची धार जाते.

रेकॉर्डिंगची पातळी बदलता येत असेल तर सर्वात मोठ्या बोलण्यालाही मीटर उणे १२ डेसिबलच्या आसपास राहू द्या. शून्याला टेकून फाटलेला आवाज परत शिवता येत नाही. पंखा आणि एसी बंद करा. फ्रिजची भणभण कान सरावल्यामुळे आपल्याला ऐकू येत नाही, माईकला येते. बोलणं सुरू करण्याआधी २० सेकंद गप्प बसा. ती शांतता पुढे एडिटिंगमध्ये ठिगळ लावायला आणि पार्श्वभूमीची कुरबुर कमी करायला लागते.

गोधड्या, गाद्या आणि कपड्यांचं उघडं कपाट तुमच्या समोर, म्हणजे कॅमेऱ्याच्या मागे हवं. आवाज आधी तिकडेच जातो. अंड्यांचे ट्रे भिंतीला चिकटवण्याचा खटाटोप करू नका. ते इतके पातळ असतात की घुमणं जवळजवळ तसंच राहतं आणि खोली मात्र कोंबड्यांची वाटते.

तिपाई
लेन्स डोळ्यांच्या उंचीला. तिपाई नसेल तर पुस्तकांची चळत, पण ज्या टेबलावर लिहिता किंवा हात टेकता त्यावर नको. फोन एक-दीड मीटर लांब ठेवा. हातभर अंतरावर नाक मोठं आणि कान मागे गेलेले दिसतात. हा दोष लेन्सपेक्षा अंतराचा आहे. अतिरुंद, म्हणजे ०.५ लिहिलेली लेन्स वापरू नका. पाठीमागची भिंत निदान मीटरभर दूर असेल तर सावली तिच्यावर पडत नाही. चौकटीचे आडवे तीन समान भाग केले तर डोळे वरच्या रेघेवर हवेत, आणि डोक्यावर दोन-चार बोटं जागा पुरे.

फोकस आणि एक्सपोजर (चित्राचा उजळपणा) कुलूपबंद करा. बहुतेक फोनांत चेहऱ्याच्या जागी बोट दाबून धरलं की होतं. एकटं असताना खुर्चीवर काहीतरी ठेवून करावं लागतं, आणि इथेच गफलत होते. पांढरी उशी ठेवून कुलूप लावलं तर फोन तिच्या पांढऱ्याला आवरायला चित्र अंधारं करतो, मग तुम्ही काळे येता. मध्यम रंगाचं, थोडी नक्षी असलेलं कापड खुर्चीच्या पाठीवर चेहऱ्याच्या उंचीला अडकवा. खुर्चीच्या पायांभोवती जमिनीवर चिकटपट्टीच्या खुणा करा.

फोन स्थिर असेल तर जादा स्थिरीकरण, ब्यूटी फिल्टर आणि धूसर पार्श्वभूमी हे तिन्ही बंद ठेवा. पहिलं अनेक फोनांत चित्राच्या कडा कापतं, तिसरं केस आणि कानाच्या पाळ्या खातं. बारीक रेघांचा शर्ट नको, त्यावर पाण्यासारखी नक्षी नाचते.

लॅपटॉपवरची
वेबकॅम वापरणाऱ्यांसाठी एकच. हात हलवताना मागे शेपूट राहत असेल तर कॅमेरा खराब नसतो, उजेड कमी असतो. अंधारात वेबकॅम आपणहून सेकंदाला ३० ऐवजी १५ फ्रेम देऊ लागतो. उजेड वाढवा किंवा सेटिंगमधली कमी उजेडाची भरपाई काढा. ओबीएस या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये रेकॉर्ड करत असाल तर साठवण एमकेव्ही प्रकारच्या फाइलमध्ये ठेवा आणि नंतर त्यातूनच एमपी४ करा. मध्येच वीज गेली तर अर्धवट राहिलेली साधी एमपी४ बहुधा उघडत नाही, एमकेव्ही तिथपर्यंत चालते.

कात्रीवाला
वेगळा आवाज घेत असाल तर सुरुवातीला एक टाळी वाजवा आणि शेवटी दुसरी. पहिली जुळवायला, दुसरी तपासायला. शेवटची टाळी जुळत नसेल तर बहुतेक वेळा फोनने फ्रेमचा वेग वरखाली केलेला असतो. अशा फाइली आधी हँडब्रेक या व्हिडिओ बदलून देणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये स्थिर फ्रेम रेट निवडून काढा, मग एडिटिंगला घ्या.

एचडीआर (उजळ आणि गडद यांतला फरक वाढवून टिपणारी सोय) बंद. फोनवर झगझगीत दिसणारा चेहरा दुसऱ्या ॲपमध्ये धुतल्यासारखा फिका होतो, त्याचं कारण बहुतेक वेळा हेच.

४के घ्यावं की १०८०पी? शेवटी १०८०पीच द्यायचं असलं तरी जागा असेल तर ४के घ्या. रुंदी दुप्पट असल्याने चौकट निम्म्यापर्यंत कापूनही चित्र तेवढंच स्पष्ट राहतं. एकाच कॅमेऱ्यातून जवळचा आणि लांबचा असे दोन शॉट निघतात आणि वाक्य कापलेलं लपतं. जागेचा अंदाज म्हणून, आयफोनच्या ‘हाय एफिशियन्सी’ फॉरमॅटमध्ये ३० फ्रेमला मिनिटामागे १०८०पी सुमारे ६० एमबी, ४के सुमारे १७० एमबी.

तयार व्हिडिओ व्हॉट्सॲपवर पाठवायचा असेल तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून जोडा. साधा व्हिडिओ म्हणून पाठवला की ते त्याला पिळून काढतं.

उजेडबाज
४केला माझा थोडा विरोध. बंद खोलीत, पंखा बंद आणि फोन चार्जिंगला असताना लांबलचक ४के घेतलं की फोन तापतो. मग पडदा मंदावतो किंवा रेकॉर्डिंगच थांबतं. घ्यायचंच तर कव्हर काढा, चार्जर आधीच काढून ठेवा, दहा-दहा मिनिटांचे भाग करा. आणि विमान मोड, नाहीतर ऐन रंगात फोन वाजतो.

वाचून बोलणारा
प्रॉम्प्टर ॲपवरच्या (वाचायचा मजकूर पडद्यावर सरकवणाऱ्या) ओळी लेन्सच्या जितक्या जवळ आणि जितक्या अरुंद, तितकी डोळ्यांची पळापळ कमी. ओळीत चार-पाच शब्द बस. फोन दीड मीटरवर असेल तर अक्षर अंगठ्याच्या पेराएवढं हवं. मजकूर बोली भाषेत लिहून घ्या. ‘करण्यात येते’ वाचताना आवाजच सरकारी होतो.

कागदावरचे मुद्दे बघून बोलायचं असेल तर कागद लेन्सच्या खाली लावा, बाजूला नाही. नजर खाली गेली तर माणूस विचार करतोय असं वाटतं, बाजूला गेली तर दाराशी कोणीतरी उभं आहे असं.

धागाकर्ती
कानसेन, पंखा बंद करणं अशक्य असेल तर काय?

कानसेन
वेग सर्वात कमी, माईक आणखी चार बोटं जवळ आणि त्यावर फोमची टोपी. पंख्याचा झोत माईकवर येत असेल तर खुर्ची सरकवा. एकसारखी घरघर सॉफ्टवेअर बरीच काढतं, झोताची धडधड मात्र निघत नाही. आणि ती २० सेकंदांची शांतता पंखा चालू ठेवूनच रेकॉर्ड करा, बंद करून नाही.