एजंट म्हणतो "व्हिजिट व्हिसावर जा, इकामा (सौदीत राहण्या-कामाचा परवाना) तिथं करू". अडकला तर सरकार आणतं का?

परभणीकर: जिंतूर तालुक्यातला पोरगा, नववी पास, ड्रायव्हर म्हणून सौदीला निघालाय. एजंट दीड लाख मागतोय. पारावर दोन तट पडलेत. एकाचं म्हणणं, युक्रेनमधून पोरं फुकटात आणली, यालाही आणतील. दुसरा म्हणतो, स्वतःच्या पायानं गेला, सरकारनं का निस्तरायचं? नेमकं काय?

गोदाकाठ: आधी व्हिजिटचं बघा, खरी मेख तिथंच आहे. दहावी नाही म्हणजे पासपोर्ट ईसीआर, म्हणजे कामाला परदेशी जाण्याआधी सरकारी तपासणी लागणारा. सौदीसह 18 देशांत कामाला जायचं तर ई-मायग्रेट या सरकारी पोर्टलवर मंजुरी लागते. व्हिजिटवर पाठवलं की ती टळते, एजंट सुटतो. सोबत प्रवासी भारतीय बीमा योजनाही जाते: अपघाती मृत्यू वा कायमच्या अपंगत्वाला 10 लाख, हप्ता दोन वर्षांचा 275 रुपये, तीनचा 375. दीड लाख मोजणारा 275 च्या विम्याला मुकतो! वर व्हिजिटवर काम करणं तिथं बेकायदेशीर, त्यामुळे पगार बुडाला तरी तक्रार करताना हाच अडकतो.

परवानाधारक एजंटाला सेवाशुल्क जास्तीत जास्त 30 हजार अधिक जीएसटी घेता येतं, तेही पावतीवर. परवाना क्रमांक ई-मायग्रेटवर तपासा. "परवाना मुंबईच्या साहेबांचा, मी त्यांचा माणूस" म्हणणाऱ्या सबएजंटला कायद्यात स्थान नाही.

मांजरातीर: युक्रेनचं उदाहरण इथं लागू नाही, दादा. ऑपरेशन गंगा (2022), त्याआधी येमेनचं राहत (2015), नंतर सुदानचं कावेरी (2023), ही युद्धातली सामूहिक सुटका. कीवच्या भारतीय दूतावासानं 15 फेब्रुवारीलाच तात्पुरतं निघा म्हणून सांगितलं होतं, हल्ला 24 ला झाला. पण ऑनलाइन वर्ग नाहीत म्हणून बरीच पोरं थांबली. त्यांना निष्काळजी म्हणणं मला पटत नाही. हजेरी बुडाली तर वर्ष जातं. तरी विमानं पोलंड, रोमानिया, हंगेरीतून उडाली आणि सीमेपर्यंत बहुतेकांना स्वतःच पोचावं लागलं.

एकट्याच्या प्रकरणात दूतावास तुरुंगातून सोडवत नाही, कर्ज फेडत नाही. भारतीय समुदाय कल्याण निधीतून (2009 पासून) निवारा, तिकीट, वकील, मृतदेह आणण्याचा खर्च मिळू शकतो, पण खरंच गरजू आहे का हे तपासून.

औंढा_रोड: अडकलाच तर घरच्यांनी परराष्ट्र मंत्रालयाच्या 'मदद' पोर्टलवर तक्रार टाकावी. पासपोर्ट क्रमांक, इकाम्याचा फोटो, कंपनीचं नाव, लोकेशन, सगळं लागतं. इथंच घोळ होतो: मालकाचं नाव "सेठ", पत्ता "रियाधजवळ". खासदारांचं पत्र जरूर जोडा, पण तक्रार क्रमांकाशिवाय त्याचा पाठपुरावा कठीण.

कामाच्या व्हिसावर गेला असेल तर मालकानं पासपोर्ट ठेवला म्हणून पळून जाऊ नये. मालक 'हुरूब' म्हणजे फरार नोंदवतो, मग सुटका आणखी लांबते. आधी दूतावासात नोंद, मग पुढचं पाऊल. पासपोर्ट हरवला तर आणीबाणीचा दाखला मिळतो, तो फक्त भारतात परतायला. सौदीची बाहेर पडायची परवानगी वेगळीच लागते.

परभणीकर: एजंट पावती द्यायला नाही म्हणतो.

गोदाकाठ: मग एक रुपयाही देऊ नका. रोखीनं दिलेच असतील तर व्हॉट्सअ‍ॅपवर रक्कम कबूल करून घ्या. परवाना नसेल तर 1983 च्या उत्प्रवास कायद्याखाली गुन्हा होतो; पोलीस ठाण्यात आणि मुंबईच्या प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्सकडे (कामाला परदेशी जाणाऱ्यांसाठीचा सरकारी अधिकारी) तक्रार द्या. पोरगा विमानात बसायच्या आत, हं.