ओसीडीसाठी पहिलं थेरपी सेशन मंगळवारी आहे, तिथे नक्की काय होतं? (मदत हवी आहे)

सातपूरकर

नमस्कार मंडळी, बरीच वर्षं इथे नुसता वाचतोय, धागा पहिल्यांदाच काढतोय, सांभाळून घ्या.

वय ३३, नाशिक, सातपूरला नोकरी आणि घर सिडकोत. गेल्या महिन्यात सायकियाट्रिस्टकडे गेलो, त्यांनी ओसीडी सांगितलं, म्हणजे आमच्या आजीच्या भाषेत मंत्रचळ. पण मंत्रचळ म्हटलं की सगळ्यांना सारखे हात धुणारं माणूस आठवतं, माझं तसं नाही. माझं बाइकचं आहे. खड्ड्यात चाक आदळलं की डोक्यात येतं, माणूस तर नव्हता ना? मग आरशात बघायचं, मग यू-टर्न मारून परत त्या जागी जायचं, कोणी पडलंय का बघायचं, आणि तिथून निघालो की पुढे नवा दणका. २५ मिनिटांच्या रस्त्याला कधीकधी दीड तास लागतो. घरी आलो की बायकोला बाइक दाखवायची, ओरखडा आहे का सांग, ती दहा वेळा सांगते काही नाही, आणि रात्री ती झोपली की मी मोबाइलवर अपघाताच्या बातम्या शोधत बसतो. काही झालेलं नसतं हे मलाही माहितीये. माहीत असूनही मागे जावंच लागतं, हे कोणाला समजावता येत नाही.

गोळी सुरू होऊन ३ आठवडे झाले, फारसा फरक नाही. आता डॉक्टरांनी क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडे ईआरपी थेरपीसाठी पाठवलंय. पहिल्याच दिवशी भीती वाटते तेच करायला लावतात का? आणि सगळं सांगावं लागतं का? कारण बाइकशिवाय अजून एक आहे. माझी मुलगी ८ महिन्यांची आहे, तिला घेऊन गॅलरीत उभा राहिलो की जे मनात येतं ते मी बायकोलाही सांगितलेलं नाही. आता मी तिला गॅलरीत नेतच नाही. हे तिथे बोललो तर मुलीला माझ्यापासून लांब ठेवायला सांगतील का?

आणि प्लीज एवढं सांगा, आज संध्याकाळी त्रिमूर्ती चौकाच्या अलीकडे दणका बसला, मी मागे गेलो नाही. काही झालं असतं तर एव्हाना कळलं असतं ना?

मोगरा

दादा काळजी नका करू, काही झालेलं नाही, असे विचार आले की मन दुसरीकडे गुंतवा, नामस्मरण करा, माझ्या भावाला फायदा झाला होता.

पेठेतला

मोगराताई, तुम्ही मायेने सांगताय ते कळतंय, पण ओसीडीत हे उलटं पडतं. विचार ढकलला की तो दुप्पट जोराने येतो आणि नामस्मरणाचाच पुढे नियम होऊन बसतो. माझं नेमकं तेच झालं होतं. देवासमोर हात जोडले की मनात घाण शिव्या यायच्या, मग अथर्वशीर्ष पहिल्यापासून, मध्ये परत आली की परत पहिल्यापासून. सकाळी ऑफिसला निघायला ११ वाजायचे.

सातपूरकर, ४ वर्षांपूर्वी मी पुण्यात ईआरपीची १६ सेशन्स केली. ईआरपी म्हणजे एक्स्पोजर अँड रिस्पॉन्स प्रिव्हेन्शन, भीती वाटते त्याच्यासमोर जायचं आणि नंतरची ती धुण्याची, तपासण्याची, विचारण्याची कृती करायची नाही. १९६६ पासूनची पद्धत आहे, कुठलं नवीन फॅड नाही. पहिल्या दिवशी कोणी बाइकवर बसवत नाही. पहिली एक-दोन सेशन्स नुसते प्रश्न असतात, कधीपासून, दिवसाचे किती तास, काय काय टाळता. येल-ब्राउन नावाची प्रश्नावली भरून घेतात, ० ते ४० मध्ये आकडा येतो, तो बघून घाबरू नका, पुढे फरक मोजायला लागतो म्हणून घेतात. मग तुम्ही दोघं मिळून शिडी बनवता, कुठल्या गोष्टीला १०० पैकी किती भीती. माझ्या शिडीत सगळ्यात खाली होतं अथर्वशीर्ष एकदाच म्हणायचं, चुकलं तरी पुढे जायचं. तेवढ्यालाही घाम फुटला होता, खोटं सांगत नाही. पहिले ३-४ आठवडे त्रास वाढल्यासारखा वाटला, मी सोडूनच देणार होतो. भीती शून्यावर येईपर्यंत थांबायचं असतं असं मला वाटायचं, तसं नसतं. भीती आणि शंका असतानासुद्धा आपण पुढचं काम करू शकतो हे अंगवळणी पडतं.

गॅलरीचं मंगळवारीच सांगा, नाहीतर लिहून न्या आणि कागद हातात द्या. मी शिव्यांचं ५ सेशन्स लपवलं, तेवढे पैसे आणि वेळ वाया गेला. असे नको असलेले विचार नवीन आईबाबांमध्ये खूप आढळतात आणि ओसीडी ओळखणाऱ्या थेरपिस्टने ते शेकडो वेळा ऐकलेले असतात. गुप्ततेचा हक्क २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात आहे. त्याला अपवाद आहेत, जसं की खरोखर कोणाच्या जिवाला धोका असेल किंवा कोर्टाचा आदेश असेल तेव्हा. गुप्ततेबद्दल सुरुवातीलाच विचारून घ्या, ते सांगतात.

तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर मी देणार नाही. राग मानू नका. मी 'काही झालं नाही' म्हटलं तर १० मिनिटं बरं वाटेल आणि मग तुम्ही दुसऱ्या कोणाला तरी विचाराल. इथे विचारणं हाही तो यू-टर्नच आहे.

हेमाकाकू

पेठेतला यांनी नेमकं लिहिलंय. माझ्या मिस्टरांना कुलपाचं होतं, रात्री १५-२० वेळा मीच उठून 'लावलंय हो' सांगायचे, मला वाटायचं मी मदत करतेय. थेरपिस्टने एका सेशनला मलाही बोलावलं. एकदम उत्तरं बंद करू नका म्हणाल्या, दोघांनी आधी ठरवा. आम्ही वाक्यच ठरवून घेतलं, 'तुम्हाला त्रास होतोय ते दिसतंय, पण कुलपाबद्दल मी बोलणार नाही, चला चहा टाकते.' पहिल्या आठवड्यात घरात भांडणं झाली, मी बाथरूममध्ये जाऊन रडले. बायकोला नक्की न्या, ती पण दमलेली असेल.

निळा_पेन

गोळीबद्दल थोडं. ३ आठवडे फार कमी आहेत, ओसीडीत असर कळायला ८ ते १२ आठवडे जातात आणि डोसही बऱ्याचदा डिप्रेशनपेक्षा जास्त लागतो. आयुष्यभर असंच नाही, बरं वाटल्यावर साधारण वर्ष-दोन वर्षं चालू ठेवून हळूहळू कमी करतात, पण मनाने बंद करू नका. सायकॉलॉजिस्टचं आरसीआय, म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेचं, रजिस्ट्रेशन आहे का बघा आणि सरळ विचारा की ईआरपी करता का, नुसत्या गप्पा आणि दीर्घ श्वसन असेल तर दुसरीकडे जा. मध्येच रात्री फार झालं तर टेलिमानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन, १४४१६, फुकट आहे, मराठीत बोलता येतं.

सातपूरकर

सगळ्यांचे मनापासून आभार. काल जाऊन आलो. आकडा २७ आला. गॅलरीचं कागदावर लिहून नेलं होतं, मॅडमनी वाचलं आणि विचारलं, मग तुम्ही तिला घेऊन गॅलरीत जाणं कधीपासून बंद केलंत? एवढंच. तोंडावर काही बदल नाही. मला तिथे बोलताच येईना पाच मिनिटं. बायको बाहेर बसली होती, घरी येताना रिक्षात तिलाही सांगितलं.

या आठवड्यात काही थांबवायचं नाहीये, फक्त मोजायचंय, किती वेळा मागे गेलो आणि किती वेळा विचारलं. आज येताना ६ यू-टर्न. बायकोला ४ वेळा विचारलं, पाचव्यांदा तिने वही पुढे केली.