मदत हवी आहे: देवाच्या न्यायावर बायबल स्टडी घ्यायचीय

सलाम सगळ्यांना. भायखळ्याला आमच्या चर्चमध्ये रविवारी हा विषय माझ्या गळ्यात पडलाय. येणाऱ्यांत एक मावशी आहेत, त्यांच्या चाळीचं रिडेव्हलपमेंट रखडलंय, तोवर दुसरीकडे राहायला बिल्डर जे भाडं द्यायचा ते त्याने थांबवलं, तो मस्त नव्या गाडीत फिरतोय आणि त्या विचारतात देव बघतोय ना मग गप्प का. 'शेवटी न्याय होईल' म्हणून त्या सध्या राहतात तिथला घरमालक थोडीच ऐकणारे!

बायबलमधलं स्तोत्र ७३ घेतोय, त्याचा कवी आसाफ दुष्टांची चैन बघून जळतो ते, आणि लूकच्या शुभवर्तमानाचा १३ वा अध्याय, बुरूज पडून १८ माणसं मेली ती काय जास्त पापी होती का, तर येशू सरळ नाही म्हणतो. पण पौलाच्या रोमकरांस पत्रात, अध्याय १२ मध्ये, सूड देवावर सोडा म्हटलंय आणि लूक १८ मधली विधवा न्यायाधीशाची पाठच सोडत नाही, मग मावशींनी कोर्टात जायचं की नाही? हे दोन्ही कसं जोडायचं, कोणी शिकवलं असेल तर प्लीज सांगा.