एम.एस.च्या पहिल्या वर्षी कौशल्य-प्रशिक्षणाचे कोणते कोर्स करावेत?

प्रश्न (जेआर-१, म्हणजे पहिल्या वर्षाचा रेसिडेंट अर्थात निवासी डॉक्टर, मराठवाडा)

नमस्कार. मी जनरल सर्जरीच्या पहिल्या वर्षाला नुकताच रुजू झालो आहे. बीसीएलएसचा (हृदय बंद पडल्यास द्यायच्या प्राथमिक जीवरक्षक उपचारांचा) कोर्स राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या नियमानुसार पहिल्याच वर्षी करायचा असल्याने त्याबद्दल प्रश्न नाही. परंतु टाके-गाठींची कार्यशाळा, एटीएलएस (गंभीर जखमींवरील तातडीच्या उपचारांचे प्रशिक्षण), लॅपरोस्कोपीचा (दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेचा) कोर्स आणि कॅडॅव्हर वर्कशॉप (मृतदेहावरील सराव) अशा चार जाहिराती युनिटच्या ग्रुपवर एकाच आठवड्यात आल्या आहेत. स्टायपेंडमधून सगळ्यांची फी भागणार नाही आणि रजाही मोजूनमापूनच मिळते. सध्या माझ्या वाट्याला वॉर्ड, ड्रेसिंग, कॅज्युअल्टीतले टाके आणि ओटीत (शस्त्रक्रियागृहात) रिट्रॅक्टर (जखमेच्या कडा बाजूला ओढून ठेवणारे हत्यार) धरणे एवढेच काम येते. अशा वेळी आधी काय करावे?

उत्तर (अध्यापक, पुणे)

आधी टाके-गाठी, मग एटीएलएस. बाकीचे दोन्ही दुसऱ्या वर्षापर्यंत थांबू शकतात. एटीएलएसची पद्धत 1976 साली नेब्रास्कात झालेल्या एका विमान अपघातानंतर उभी राहिली. त्या विमानात एक शल्यचिकित्सक स्वतः सहकुटुंब होते आणि लहान रुग्णालयात जखमींना मिळालेले उपचार पाहून त्यांना या प्रशिक्षणाची निकड जाणवली. रात्री कॅज्युअल्टीत पहिला हात तुमचाच लागणार असल्यामुळे श्वासमार्ग, श्वसन, रक्ताभिसरण हा क्रम अंगवळणी पडलेला असणे तुमच्या रुग्णांसाठी लॅपरोस्कोपीच्या प्रमाणपत्रापेक्षा कितीतरी मोलाचे आहे.

मात्र कोणताही कोर्स हात घडवत नाही, हात कसा घडवायचा ते दाखवतो. टोरांटोमध्ये 38 रेसिडेंटांना सूक्ष्म रक्तवाहिन्या जोडण्याची तीच चार सत्रे काहींना एका दिवसात आणि काहींना आठवड्याला एक याप्रमाणे दिली गेली. महिन्याभराने तपासले तेव्हा दुसऱ्या गटाचे काम सरस ठरले. म्हणून कार्यशाळेहून परतल्यावर रोज पंधरा मिनिटे द्या. हॉस्टेलच्या पलंगाच्या दांडीला दोरा अडकवून दोन्ही हातांनी गाठी मारा आणि प्रत्येक गाठ सपाट बसते का ते पाहा. दुसऱ्या फेऱ्याची दिशा चुकली की गाठ वरवर नीट दिसते, पण एक टोक ताणताच सरकते. पुढे खोल स्टीलच्या ग्लासाच्या तळाशी हुक नुसता ठेवून तो वर न उचलता गाठ खाली नेण्याचा सराव करा, कारण पोटाच्या खोलीत बांधायची रक्तवाहिनी असा वरचा ताण सोसत नाही. रेशमी दोऱ्याला पुरणारे फेरे गुळगुळीत मोनोफिलामेंटला (एकाच तंतूच्या दोऱ्याला) पुरत नाहीत, हेही हाताला तेव्हाच कळते.

उत्तर (शल्यचिकित्सक, लीड्स, मूळ गाव सांगली)

वरील क्रमाशी सहमत आहे. फी भरण्यापूर्वी आयोजकांना दोन गोष्टी अवश्य विचारा: एका प्रशिक्षकामागे किती जण असतात, आणि प्रत्येकाला स्वतंत्र नीडल होल्डर (सुई धरण्याचे हत्यार) व टिश्यू (सरावासाठी ऊती) मिळते की टेबलाभोवती उभे राहून बघायचे असते. सुई टोकापासून साधारण दोन-तृतीयांश अंतरावर धरलेली आहे का, ती त्वचेत काटकोनात शिरते का, मनगट वळते की नुसताच जोर लागतो, हे शेजारी उभे राहून कोणी सांगितल्याशिवाय सुधारत नाही. व्याख्यान तर यूट्यूबवरही ऐकता येते. कॅडॅव्हर वर्कशॉप असेल तर मृतदेह कसा जतन केला आहे ते विचारा. फॉर्मॅलिनमधल्या ताठर ऊतींवर शरीररचना छान उमगते, पण थरांची मऊ पकड हाताला कळत नाही.

उत्तर (ओटी सिस्टर, नागपूर)

डॉक्टर, मुदत संपलेले दोरे सरावासाठी हवे असतील तर इन्चार्ज सिस्टरांना रीतसर विचारा आणि ते वेगळ्या डब्यात, ठळक खूण करून ठेवा. खाटकाकडून बोकडाचे आतडे आणून त्यावर जोडणीचा सराव करणारे रेसिडेंट आम्ही नेहमी पाहतो. सराव उत्तम आहे, परंतु त्यासाठी ओटीची हत्यारे नेऊ नयेत. जुना नीडल होल्डर आणि फोर्सेप्स (चिमटा) स्वतःचे घ्यावेत. सुई हातात न देता ट्रेमध्ये ठेवण्याची सवयही तिथूनच लावून घ्यावी, कारण सरावात बोटाने सुई सावरणारा माणूस ओटीतही तेच करतो.

प्रश्नकर्ता

सर्वांचे मनापासून आभार. लॅपरोस्कोपीचा कोर्स पुढे ढकलतो, परंतु तोवर खोक्याचा बॉक्स ट्रेनर (दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेच्या सरावाची पेटी) करून काही उपयोग होईल का?

उत्तर (अध्यापक, पुणे)

निश्चित होईल. 2002 साली अमेरिकेतील येल विद्यापीठात सिम्युलेटरवर (संगणकावरील आभासी सराव-यंत्रावर) सराव केलेल्या रेसिडेंटांनी पित्ताशय यकृतापासून 29 टक्के कमी वेळात सोडवले आणि त्यांच्या हातून इजाही कमी झाल्या. हात डावीकडे नेला की हत्याराचे टोक उजवीकडे जाते आणि सपाट पडद्यावर खोली कळत नाही, या दोन्हींची सवय साध्या खोक्यातही होते. अमेरिकेच्या एफएलएस (लॅपरोस्कोपीच्या मूलभूत कौशल्यांच्या) परीक्षेत पाच कामे असतात. त्यांतले वस्तू एका खुंटीवरून दुसरीवर हलवण्याचे काम आधी घ्या आणि दोन्ही हात सारखे चालू लागेपर्यंत आतल्या टाक्यांकडे वळू नका. कॅमेरा म्हणून जुना मोबाइल चालतो, फक्त तो पक्का बसवा.